एका हाताने गोल, दुसऱ्याने चौकोन: जमलं नाही, म्हणजे काय झालं?

गेल्या महिन्यात आई नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरून फिरून आली ती गप्पच. चहा झाला, पेपर झाला, तरी बोलेना. दुपारी पाहिलं तर टेबलाशी बसून दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गिरवत होती. कट्ट्यावर कुणीतरी व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ दाखवला होता. उजव्या हाताने गोल काढा, त्याच वेळी डाव्या हाताने चौकोन. जमलं तर मेंदू तरुण, नाही जमलं तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात. बाकावरच्या सहा जणींपैकी पाच जणींना जमलं नव्हतं. आई ७२ वर्षांची आहे. माझ्या आजीला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, त्यामुळे आईच्या पोटात नेमकं काय कालवलं असेल ते मला सांगावं लागलं नाही.

"मलाही होतंय का गं तसलं काही?" तिने विचारलं.

त्याच संध्याकाळी तिने परातीत बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. एक हात थापत होता, दुसरा कडेला आधार देत भाकरी फिरवत होता. दोन हात, दोन वेगळी कामं, आणि भाकरी एकसारखी गोल. दुपारी अडखळलेले हात ते हेच. हे कसं, एवढं नीट समजलं की त्या व्हिडिओची भीती उरत नाही. आणि ज्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवं, ते नजरेतून सुटतही नाही.

आधी दोन बोटांचा प्रयोग

वाचताना थांबा आणि करून पाहा. दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवा, तर्जनी पुढे. आता दोन्ही बोटं बसच्या वायपरसारखी हलवा: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. सावकाश जमतं. आता वेग वाढवा. आणखी वाढवा. एका क्षणी बोटं तुमचं ऐकेनाशी होतात आणि आपोआप वेगळी चाल धरतात: दोन्ही आत, दोन्ही बाहेर, मध्ये आरसा ठेवल्यासारखी.

तुम्ही विशीत असा की सत्तरीत, हे होणारच. अमेरिकेतले शास्त्रज्ञ स्कॉट केल्सो यांनी १९८४ मध्ये हा प्रयोग नीट मोजमाप करून मांडला. पुढच्याच वर्षी, लेझरच्या सिद्धांतासाठी ओळखले जाणारे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हरमान हाकेन यांच्यासोबत त्यांनी त्याचं गणितही दिलं. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की उलट कधी घडत नाही. आरशाची चाल कितीही वेगाने करा, ती मोडून बोटं वायपरसारखी हलू लागत नाहीत.

म्हणजे दोन हातांची मूळ ओढ एकमेकांसारखं वागण्याकडे आहे. बैलजोडी जुवाखाली आली की पावलाला पाऊल लावते, तसं. हात वेगवेगळे चालवायचे तर मेंदूला ती ओढ सतत अडवून धरावी लागते. त्यामुळे 'हात वेगळे का चालत नाहीत?' असं विचारण्यापेक्षा 'ते एरवी वेगळे चालतात तरी कसे?' असं विचारलं पाहिजे.

घरातली कामं या नजरेने बघा. पोळी लाटताना दोन्ही हात जवळपास आरशाची चाल चालतात. रवीने ताक घुसळताना दोरीचं एक टोक ओढायचं तेव्हा दुसरं सैल सोडायचं, ही आरशाच्या उलट चाल, वायपरसारखी. पण तिथे दोरीच दोन्ही हातांना बांधून ठेवते, म्हणून ते सोपं जातं. ताशाच्या दोन काड्याही उलट चालीने पडतात आणि तिथे दोरी नसते, म्हणून नवख्या पोराच्या काड्या वेग वाढला की एकाच वेळी पडायला लागतात. भाकरी, सुईत दोरा ओवणं, गिअरच्या गाडीचा क्लच सोडत ॲक्सिलरेटर पिळणं, ही तिसरी तऱ्हा: दोन हातांना दोन निरनिराळ्या भूमिका.

डोक्यात गोदावरी आणि तिच्यावरचा पूल

मेंदूचे दोन अर्धगोल असतात. डावा अर्धा मुख्यतः उजवा हात चालवतो, उजवा अर्धा डावा हात. दोघांना जोडणारा तंतूंचा जाडजूड पट्टा म्हणजे 'कॉर्पस कॅलोसम'. त्यात सुमारे २० कोटी तंतू आहेत. पुढे मी त्याला पूलच म्हणणार आहे, कारण नाशिककराला ते चित्र पटकन दिसेल. नदीच्या एका काठाला जुनं नाशिक, दुसऱ्या काठाला पंचवटी, आणि मध्ये अहिल्यादेवी होळकर पूल. दोन्ही काठांचे व्यवहार वेगळे, पण पुलावरची ये-जा थांबली तर दोन्हीकडे खोळंबा.

या पुलावरून दोन तऱ्हेचे निरोप जातात. एक, 'मी हे करतोय, तूही बघ.' दुसरा, 'मी हे करतोय, तू थांब.' वेगळ्या कामांसाठी दुसरा निरोप फार मोलाचा. तो वेळेवर पोचला नाही तर एका काठाचा हुकूम दुसऱ्या काठावर पाझरतो आणि गोलाचे कोपरे निघतात, चौकोन वाटोळा होतो.

हा पाझर पुलावरूनच होतो हे कशावरून? अपस्माराचे झटके कशानेच आटोक्यात येत नसतील तर काही रुग्णांमध्ये हा पूल शस्त्रक्रियेने कापला जातो. १९९६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशा रुग्णांना दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळे आकार काढायला सांगितलं. त्यांनी ते आकारांची सरमिसळ न होता काढले! आपल्याला ज्याने घाम फुटतो ते त्यांना अडलं नाही. हातांची लय मात्र तरीही एकमेकांशी बांधलेलीच राहिली, म्हणजे वेळेचं गणित काही प्रमाणात दुसरीकडेही ठरतं.

मग पूल नसलेलाच बरा का? अजिबात नाही. पूल कापलेल्यांना नवी दोन-हाती कामं शिकणं जड जातं. शस्त्रक्रियेआधीपासून अंगवळणी पडलेली कामं मात्र बऱ्यापैकी टिकतात. नवं जड आणि जुनं टिकतं, ही जोडी लक्षात ठेवा. म्हातारपणाकडे आलो की ती पुन्हा लागणार आहे.

भाकरी एक काम आहे, गोल-चौकोन दोन

२००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात फ्रान्झ मेक्सनर आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग मांडला. टेबलाखाली दोन हँडल, एकेक हाताला एकेक. हात झाकलेले. टेबलावर त्या हँडलांना जोडलेले दोन झेंडे. एका बाजूला दातेरी चाकं अशी बसवली, की हातांनी चारास तीन फेरे घेतले तरच वरचे झेंडे बरोबरीने फिरावेत. नुसतं 'एका हाताने चार फेरे, दुसऱ्याने तीन' असं सांगितलं तर भल्याभल्यांना ते जमणार नाही. पण लोकांनी झेंड्यांकडे बघितलं, झेंडे बरोबरीने फिरवले, आणि खाली हातांनी ती अवघड चाल चालून दाखवली.

हात काय करताहेत यापेक्षा हातांनी मिळून काय घडवायचं आहे, ते मेंदूपुढे स्पष्ट असलं की काम सोपं होतं. भाकरी थापताना आईच्या मनात 'डावा हात' आणि 'उजवा हात' नसतातच. तिच्या मनात भाकरी असते. व्हिडिओतला गोल आणि चौकोन यांना जोडणारं असं काहीच नाही. ती दोन असंबद्ध कामं एकाच वेळी करायला लावण्याची युक्ती आहे, म्हणून ती तरुणांनाही नडते. आमच्या शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा दहा मिनिटं झटला आणि त्याने नाद सोडला. त्याला कुणी स्मृतिभ्रंशाची भीती घातली नाही.

ही कला जन्मजात नाही

तान्हं बाळ काही हवं असलं की बहुधा दोन्ही हात एकदम पुढे करतं. सहाव्या महिन्याच्या आसपास ते खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागतं. वर्षाचं होता होता एका हाताने डबी धरून दुसऱ्याने झाकण ओढू लागतं. हा मोठा टप्पा आहे: एक हात धरणारा, एक करणारा.

तरीही पाझर चालूच असतो. पहिलीतल्या मुलाला लिहिताना बघा. उजवा हात पेन्सिल दाबतो आणि डाव्या हाताची बोटंही आवळतात. हे अगदी नैसर्गिक आहे आणि साधारण सात ते दहा वर्षांच्या दरम्यान ते मावळतं. कात्रीने कागद कापताना मुलांना खरी अडचण येते ती कागद धरणाऱ्या हाताची. कात्री चालवणारा हात लवकर शिकतो; कागद योग्य वेळी वळवणारा हात उशिरा. आईबाप कात्रीच्या हाताकडे बघून रागावतात, तेव्हा मला नेहमी वाटतं की दुसऱ्या हाताकडे बघा.

या सगळ्याला वेळ लागतो कारण पुलाच्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण चढत असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. वेष्टण चढलं की निरोप वेगाने आणि न हरवता जातो. पुलाचं हे काम विशीपर्यंत चालू राहतं. १९९५ मध्ये एका अभ्यासात दिसलं, की सात वर्षांच्या आत वाद्य शिकायला लागलेल्या वादकांमध्ये पुलाचा पुढचा भाग अधिक भरदार असतो.

साठीनंतर नेमकं काय बदलतं?

आरशाची चाल जवळपास शाबूत राहते. सत्तरीतला माणूस टाळ्या वाजवताना, लाटणं फिरवताना तरुणापेक्षा फारसा कमी पडत नाही. फरक पडतो तो उलट चालीत आणि निरनिराळ्या भूमिकांत, तोही मुख्यतः वेग वाढला किंवा काम नवं असलं की. बोटं अडखळतात, लय डळमळते, आरशाच्या चालीकडे घसरायला होतं.

कारणं अनेक आहेत. पुलाच्या तंतूंचं वेष्टण झिजतं, निरोपाला उशीर होतो. 'तू थांब' सांगणारी यंत्रणा ढिली पडते. बोटांच्या टोकांची जाणीव बोथट होते, म्हणून पूर्वी न बघता होणारं काम आता बघून करावं लागतं. सांधे आणि स्नायू आहेतच.

पर्ड्यू पेगबोर्ड नावाची एक जुनी चाचणी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत कारखान्यातल्या जुळणीच्या कामाला माणसं निवडण्यासाठी ती तयार झाली. आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या शॉपफ्लोअरवर जी बारीक हातकामं चालतात, तसल्याच कामांसाठी. भोकं असलेल्या फळीत खिळे बसवायचे: उजव्या हाताने, डाव्याने, दोन्हींनी, आणि शेवटी दोन्ही हात आळीपाळीने वापरून खिळा, वायसर, नळी अशी जुळणी करायची. वय वाढतं तसे यातले गुण हळूहळू उतरतात. एका रात्रीत नव्हे, आणि सगळ्यांचे सारखेही नाहीत.

पण याला दुसरी बाजू आहे. बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठातल्या गटाने हात आणि पाऊल यांचा मेळ घालायला लावून तरुण आणि वृद्धांच्या मेंदूची चित्रं घेतली. वृद्धांच्या मेंदूचे जास्त भाग कामाला लागलेले दिसले. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्या वृद्धांमध्ये हे जादा भाग जास्त कामाला लागले, त्यांचंच काम जास्त चांगलं झालं. पूर्वी पंगतीला दोन वाढपी पुरायचे, आता चार लागतात. पण पंगत उठते ती पोटभर जेवूनच. वृद्ध मेंदू हार मानत नाही, तो माणसं वाढवून काम निभावतो.

त्याची किंमत लक्षाच्या रूपात मोजावी लागते. जादा माणसं एका कामाला जुंपली की दुसऱ्या कामाला उरत नाहीत. आई हल्ली गाळणी धरून चहा ओतताना बोलणं थांबवते. पूर्वी मला वाटायचं तिला ऐकू आलं नाही. आता मी ओतून होईपर्यंत थांबते.

मग आयुष्यभर केलेलं काम का सुटत नाही?

१९८४ मध्येच टिमोथी साल्टहाउस यांनी १९ ते ७२ वर्षांच्या टायपिस्टांचा अभ्यास केला. वयस्क टायपिस्टांची नुसती बोटं आपटण्याची गती कमी होती, प्रतिसादही संथ होता. तरी त्यांचा टायपिंगचा वेग तरुणांइतकाच! रहस्य डोळ्यांत होतं. ते मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत, म्हणजे हातांना तयारीला वेळ मिळे. १९९६ मध्ये राल्फ क्रांपे आणि अँडर्स एरिक्सन यांनी पियानोवादकांमध्ये असंच पाहिलं. उतारवयातल्या निष्णात वादकांचा इतर कामांतला वेग समवयस्कांसारखाच मंदावला होता, पण वादनातलं कसब नियमित रियाज ठेवणाऱ्यांत टिकून होतं.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमची दिंडोरी तालुक्यातली बाग आली. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे मणी धरले की विरळणी सुरू होते, बागेत सगळे त्याला थिनिंगच म्हणतात. डाव्या हाताने घड धरायचा, हलकेच फिरवायचा; उजव्या हातातल्या छोट्या कात्रीने नको ते मणी काढायचे; राहणाऱ्या मण्याला टोक लागता कामा नये. आई चाळीस वर्षं हे करत आली. गेल्या हिवाळ्यात मी तिच्या शेजारच्या ओळीत होते. कात्री एका मण्यावर असायची आणि तिची नजर पुढच्या पाकळीवर, म्हणजे घडाच्या पुढच्या छोट्या फांदीवर. डावा हात घड वळवायला लागायचा तो कात्री मिटण्याआधीच. तिच्याहून तीस वर्षांनी लहान असून मी मागे पडले.

रोज गोल-चौकोनाचा सराव केला तर मेंदू तरुण होईल?

सराव केला तर गोल-चौकोन जमायला लागेल. सत्तरीतही जमेल, वृद्ध नवी चाल शिकतात, फक्त वेळ जास्त लागतो आणि सुरुवातीला हातांकडे बघत शिकलेलं बरं पडतं. पण त्यामुळे शर्टाची बटणं लवकर लागतील किंवा विसरणं कमी होईल, असं समजू नका. हात जे करतील त्यातच ते प्रामुख्याने तरबेज होतात. म्हणून मला वाटतं, सराव करायचाच तर ज्याचा काही उपयोग किंवा आनंद आहे असा करावा. विणकाम, हार्मोनियम, गजरे, भजनातला टाळ. आणि मुख्य म्हणजे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातातली कामं काढून घेऊ नयेत. 'राहू दे आई, तू बस' असं मीही प्रेमाने म्हणत आले. त्या प्रेमात रियाज बंद पडतो. काम सावकाश होत असेल तर होऊ द्यावं.

मग काळजी करायची तरी कधी?

एखादा हात अचानक लुळा पडला, हातातली वस्तू गळून पडली, सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर ते वय नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करून लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे मिनिटं मोजली जातात.

हळूहळू होणाऱ्या गोष्टी निसटतात. एकाच हाताला बसल्या जागी कंप, चालताना एकच हात न हलणं, अक्षर बारीक होत जाणं, यांत पार्किन्सनचा विचार करावा लागतो. रात्री बोटांना मुंग्या येणं मनगटातली नस दाबल्याने असू शकतं. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरताही बोटं बधिर करतात. स्मृतिभ्रंशाबाबत बघायचं ते नवी करामत जमते का हे नव्हे, तर रोजच्या कामातला क्रम हरवतोय का हे: चहा टाकताना मध्येच पुढे काय करायचं ते न सुचणं, नेहमीच्या साडीच्या निऱ्यांत गोंधळणं. माणसाची तुलना त्याच्याच दोन वर्षांपूर्वीच्या हातांशी करावी, व्हिडिओतल्या हातांशी नको.

आईने कट्ट्यावर हे सगळं आपल्या शब्दांत सांगितलं. तेव्हा सहावी, म्हणजे जिला गोल-चौकोन बऱ्यापैकी जमला होता ती मैत्रीण, हळूच म्हणाली की तीन महिने झाले, ब्लाउजचे हुक लागत नाहीत आणि पायऱ्या उतरताना पाय भरवशाचे वाटत नाहीत. व्हिडिओत पास झाल्यामुळे ती निर्धास्त होती. मुलगा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. एमआरआय झाला. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूवर दाब आला होता. हुक, बटणं, नाणी उचलणं अशा बारीक कामांत हात अडखळू लागणं हे त्या आजाराचं सुरुवातीचं लक्षण असतं, आणि तो लवकर कळला तर पुढचं नुकसान थांबवण्याची संधी जास्त असते. पुढच्या आठवड्यात त्यांची शस्त्रक्रिया आहे. आई रोज सकाळी फिरून येताना त्यांच्याकडे जाते आणि हुक लावून देते.